मंगळवारी आणि शुक्रवारी दिसणारा ससाणा

डाकरामभाऊ ऑफिसच्या बाकावर बसले होते आणि आरएफओ साहेब, म्हणजे आमचे रेंज ऑफिसर, पीओआरच्या पुस्तकात कार्बन सरळ करत होते. मी तीन आठवड्यांचं ट्रेनिंग संपवून त्याच सकाळी चंद्रपूरहून परतले होते. खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती.

"बरं झालं आलात, मॅडम," साहेब म्हणाले. "तुमचा एक ससाणा मारला या माणसानं."

पीओआर म्हणजे वनखात्याचा गुन्ह्याचा पहिला कागद. पोलिसांकडे जसा एफआयआर, तसा आमच्याकडे पीओआर. आणि बहिरी ससाणा हा शेड्यूल एकमधला पक्षी, म्हणजे कायद्याच्या यादीत वाघाच्या पंगतीला बसलेला. त्याला मारल्याचं नाव लागलं की जामिनासाठी हेलपाटे आणि शिक्षा झाली तर ती वर्षांत. डाकरामभाऊ ढीवर समाजाचे, मासेमारी सोसायटीचे मेंबर, वय पन्नाशीच्या पुढे. तलाव, जाळं आणि डोंगा, म्हणजे छोटी होडी, हे सोडून दुसरं काम त्यांना येत नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता अटक दाखवून त्यांना कोर्टात उभं करायचं ठरलं होतं.

मी तेव्हा वनपाल होते, म्हणजे राउंड ऑफिसर. रिटायरमेंटला सहा महिने उरले होते. गावाचं नाव इथे लिहीत नाही. लाखनीहून हायवे सोडून आत वळलं की धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं लागतात, त्यांच्या पलीकडे तो तलाव आहे. माजी मालगुजारी तलाव, म्हणून सगळे त्याला मामा तलाव म्हणतात. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून बदकं येतात आणि बदकांच्या मागोमाग बहिरी ससाणा येतो. गावात त्याला नुसतं बाज म्हणतात. काळसर पाठ, गालावर काळी मिशी, आणि उडत्या बदकावर वरून असा पडतो की बघणारा मान खाली घालतो.

त्या वर्षी आलेल्या ससाण्याच्या पायात रिंग होती. परदेशात अभ्यासक घरट्यातल्या पिल्लाच्या पायात धातूची छोटी बांगडी चढवतात. तिच्यावर नंबर असतो. पुढे जगात कुठेही तो नंबर वाचता आला, की हा पक्षी कुठे जन्मला आणि किती लांब आला ते कळतं. आमच्या जिल्ह्यात मी तरी कधी रिंगवाला ससाणा पाहिला नव्हता. वरून ऑर्डर आली, रोज नोंद ठेवा.

नोंद ठेवायची पद्धत अशी. तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, स्कोप लावायचा. स्कोप म्हणजे तिपाईवरची एका डोळ्याची मोठी दुर्बीण. पाण्यात एक वाळलेली बाभूळ उभी आहे, तिच्या खोडावर पक्षी बसतो. तो किती वेळ बसला, काय खाल्लं, रिंग कोणत्या पायात, सगळं रजिस्टरमध्ये लिहायचं. हे काम वनमजूर शालिकभाऊ करायचे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी जायची, कारण बाकीचे दिवस राउंडमधल्या दुसऱ्या कामांचे. मी गेले की शालिकभाऊंना नर्सरीत पाठवायची. एकाच पक्ष्याकडे दोन माणसांनी बघत बसायचं कशाला, असा माझा हिशेब.

डिसेंबरात एकदा रजिस्टर चाळताना लक्षात आलं की शालिकभाऊंनी लिहिलंय, 'रिंग डाव्या पायात.' माझ्या नोंदीत होतं, 'रिंग उजव्या पायात.'

खरं तर मी शालिकभाऊंना हाक मारून विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण मला आनंद झाला होता. एक रिंगवाला ससाणा दुर्मीळ, आणि माझ्या तलावावर दोन! त्याच संध्याकाळी रिपोर्ट लिहिला. मोठ्या साहेबांचं कौतुकाचं पत्र आलं. पाळीवर हिरवा बोर्ड लागला: 'येथे हिवाळ्यात दोन रिंगधारी बहिरी ससाणे येतात.' बोर्डासोबत मी फोटोही काढून घेतला. मग जानेवारीत ट्रेनिंगला गेले.

मी नसताना साहेब तलावावर इन्स्पेक्शनला आले. साहेब तरुण, पश्चिम महाराष्ट्रातले, कामाला चोख. त्यांनी रजिस्टर पानापानानं वाचलं. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर उजव्या पायात रिंग असलेला ससाणा एकदाही दिसलेला नव्हता. डाव्या पायातला मात्र रोज हजर. मग एक गेला कुठे?

गावात चौकशी झाली आणि डाकरामभाऊंचं नाव पुढे आलं. ससाणा बदकांवर झेपावला की बदकं घाबरून पाण्यावर आपटतात, मासे धरायच्या जाळ्यात गुंततात, जाळं फाटतं. डाकरामभाऊंचं जाळं त्या हिवाळ्यात दोनदा फाटलं होतं. ग्रामपंचायतीच्या मीटिंगमध्ये, सगळ्यांसमोर, ते म्हणाले होते, "हा बाज एक दिवस माह्याच हातानं जाईन. पाण्यात दाबून धरतो त्याले." घराची झडती घेतली तर छपराखाली पिसांच्या चार नळ्या सापडल्या. गळाच्या दोरीला तरंगायला ढीवर पिसाची नळी बांधतात. नळ्या कापून तासलेल्या, त्यामुळे कोणत्या पक्ष्याच्या ते कुणालाच सांगता येईना. नळ्या सील करून लॅबकडे पाठवल्या.

हे सगळं साहेबांनी मला पाच मिनिटांत सांगितलं. मला ते पटलं, हेही कबूल करते. माझा ससाणा मारला म्हणून राग आला. पाण्याचा ग्लास घेऊन मी बाकापाशी गेले ते विचारपूस करायला नाही, जाब विचारायला.

"डाकरामभाऊ, काहून केलं असं?"

"काय केलो जी?"

"मीटिंगमध्ये म्हनले ना तुमी, पाण्यात दाबतो म्हनून?"

"म्हनलो. बायकोलेबी रोज म्हनतो का घर सोडून चाललो म्हनून. गेलो का आतापर्यंत?"

"मग दुसरा बाज कुठी गेला?"

"दुसरा कोनता, मॅडम? बाज एकच हाय. मी रोज तलावावर असतो. एकच येते, एकच बसते, त्याच खोडावर."

मी वैतागले. रजिस्टर आणून त्यांच्यापुढे धरलं. एकाच्या डाव्या पायात रिंग आहे, दुसऱ्याच्या उजव्या, आणि उजव्यावाला बेपत्ता आहे, असं समजावून सांगितलं. डाकरामभाऊंनी रजिस्टरकडे पाहिलंसुद्धा नाही. 

"उजवा मनजे कोनाचा?" ते म्हणाले. "तुमचा का त्याचा?"

"उजवा म्हणजे उजवा!"

"तसं नसते जी. बैलाचा डावा मनजे बैलाचाच डावा. मानूस त्याच्या मांगं चालते, मून दोघायचा डावा एकच होते. मी डोंग्यात मांगं उभा राह्यतो, माहा डावा तोच डोंग्याचा डावा. तुमी तं पाळीवर उभ्या राह्यता, न बाज तुमच्याकडं तोंड करून बसते."

ते बाकावरून उठले. माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि डाव्या गुडघ्यावर हात ठेवला. हात माझ्या डाव्या बाजूला होता. मग हात तसाच ठेवून ते वळले आणि माझ्याकडे तोंड केलं. हात माझ्या उजव्या बाजूला आला.

मी रजिस्टर घेऊन माझ्या टेबलावर गेले. आता नोंदी वेगळ्या नजरेनं वाचायला लागले. 'उजव्या पायात' अशी प्रत्येक नोंद माझ्या अक्षरात होती. एकही शालिकभाऊंची नव्हती. वार बघितले. मंगळवार, शुक्रवार, मंगळवार, शुक्रवार. हा दुसरा ससाणा फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी येत होता, आणि त्या दिवशी पहिला सुट्टीवर असायचा. दोघांना एकत्र कुणी कधीच पाहिलं नव्हतं. मग तारखा बघितल्या. उजव्या पायाची शेवटची नोंद मी चंद्रपूरला निघाले त्याच्या आदल्या दिवशीची होती.

म्हणजे ट्रेनिंगला मी गेले आणि बेपत्ता ससाणा झाला.

मला खूप लाज वाटली. एकतीस वर्षं नोकरी झाली होती. अख्खं जंगल पायाखाली घातलं असं मी सगळ्यांना सांगायची. आणि समोरच्या पक्ष्याचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला असतो, हे मला कळलं नव्हतं. आरशात बघावं तसं मी त्याच्याकडे बघत होते. त्याहून वाईट म्हणजे, माझ्या एका ओळीमुळे एक माणूस उद्या कोर्टात उभा राहणार होता.

नर्सरीतून शालिकभाऊंना बोलावून घेतलं. "तुम्ही डावा कसा ठरवता?" असं विचारलं.

"त्याचा डावा तो डावा, मॅडम. जोडीच्या बैलाचा पाह्यतो तसाच."

"मग मी उजवा लिहिलं ते दिसलं नाही तुम्हाला?"

"दिसलं जी. मले वाटलं, मॅडमले दुसरा बाज दिसते. तुमी शिकलेल्या, तुमाले जास्त दिसत असन."

 मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, पक्षी एकच आहे. दुसरा कधीच नव्हता. माझी नोंद चुकली."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, दोन पक्ष्यांचा रिपोर्ट तुमचा. तो वर गेलाय. तुमच्या सहीनं. बोर्ड लागलाय. आता आरोपी बाकावर बसल्यावर तुम्हाला चूक आठवली?"

"हो, सर."

"हा माणूस तुमच्या गावचा आहे का?"

"गावचा नाही, भागातला आहे. पण ससाणा कुठल्याच गावचा नाही. चला, तलावावर जाऊ. तुम्ही स्वतः बघा आणि स्वतः लिहा."

साहेब चिडले होते, पण माणूस नियमाचा. ज्या नोंदीवर केस उभी आहे ती तपासायला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. चार वाजता आम्ही जीपनं पाळीवर पोचलो: साहेब, मी, शालिकभाऊ आणि मागच्या सीटवर गार्डशेजारी डाकरामभाऊ. बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक फुललं होतं. खोडावर पक्षी नव्हता.

साडेचार झाले. साहेबांनी घड्याळ बघितलं. पावणेपाच झाले. साहेब हिरव्या बोर्डासमोर जाऊन तो वाचत उभे राहिले. मी दुसरीकडे तोंड केलं. पक्षी दोन दिवसांपूर्वीच दुसऱ्या तलावावर निघून गेला असेल तर? तर उद्या माझ्या तोंडच्या शब्दाला कोर्टात कोण विचारणार होतं?

"येते जी," मागच्या सीटवरून डाकरामभाऊ म्हणाले. "पाचले येते. बदक पचाले वेळ लागते त्याले."

पाचला दोन-तीन मिनिटं कमी असताना तो आला. बाभळीच्या खोडावर उतरला, अंग झाडलं आणि पाळीकडे तोंड करून बसला. नेहमीसारखाच. हिवाळ्यात वारा उत्तरेचा, आणि आम्ही उभे राहतो ती पाळ तलावाच्या उत्तरेला. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतो, नाहीतर पिसं विस्कटतात. म्हणून दोन महिने तो माझ्याकडे बघत बसला होता आणि मी त्याला उजवं-डावं करत होते.

साहेबांनी स्कोपला डोळा लावला.

"रिंग कोणत्या पायात, सर?"

"उजव्या," साहेब लगेच म्हणाले. "स्पष्ट दिसतेय. उजव्या पायात."

"लिहून ठेवा, सर."

त्यांनी डायरीत लिहिलं. मग त्यांचं त्यांनाच काहीतरी खटकलं. म्हणाले, "हा तर बेपत्ता ससाणा झाला."

 दहा-बारा मिनिटं गेली. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घातल्या आणि अडई बदकांचा थवा आवाज करत उठला. ससाण्यानं मान वळवली, मग पंख अर्धे उघडून खोडावरच पूर्ण फिरला. आता आमच्याकडे त्याची पाठ होती. रिंग चमकली.

साहेब बराच वेळ स्कोपमधून डोळा काढेनात.

"आता डाव्या," ते हळूच म्हणाले.

"पाय बदलला नाई जी त्यानं," शालिकभाऊ म्हणाले.

मागच्या सीटवरचा गार्ड हसला आणि लगेच खोकल्यासारखं केलं. साहेब मात्र चिडले नाहीत. त्यांनी मोबाईल स्कोपला लावून तीसेक फोटो काढले, काही पाठमोऱ्या पक्ष्याचे, काही तो परत पाळीकडे वळल्यावर. "एवढ्यानं भागणार नाही, मॅडम," म्हणाले. "तुमची पद्धत चुकली हे कळलं. पण डिसेंबरातला पक्षी आणि आजचा पक्षी एकच, हे दाखवावं लागेल."

डिसेंबरातले फोटो माझ्या आणि शालिकभाऊंच्या मोबाईलमध्ये होते. पूर्ण नंबर कशातच दिसत नाही म्हणून मी ते कधी मोठे करून बघितलेच नव्हते. ऑफिसात येऊन कॉम्प्युटरवर टाकले. रिंग गोल असते, त्यामुळे एका फोटोत दोन-तीनच आकडे येतात, पुढचे मागे वळून जातात. अभ्यासक असे बरेच फोटो जोडून नंबर तयार करतात. आमच्यासाठी दोन आकडेही पुरेसे होते. माझ्या एका मंगळवारच्या फोटोत सात आणि एक हे आकडे दिसत होते, आणि एकच्या आकड्याशेजारी रिंगवर तिरका ओरखडा. शालिकभाऊंनी गुरुवारी काढलेल्या फोटोत सात, एक, तिरका ओरखडा. साहेबांच्या त्या दिवशीच्या फोटोंमध्ये पाठमोऱ्या पक्ष्याच्या पायात फक्त एक आणि ओरखडा, समोरून घेतलेल्या एकात मात्र सात, एक, ओरखडा.

साहेबांनी तिन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. खुर्चीत मागे टेकले. "कुणी मेलेलंच नाही," म्हणाले.

"नाही, सर."

आता प्रश्न कागदाचा होता. पीओआरवर सकाळीच नाव लिहून झालं होतं. त्या पुस्तकाच्या पानांना छापील नंबर असतात, पान फाडता येत नाही. रद्द करायचं तर त्याच पानावर कारण लिहायचं, सही करायची आणि वर कळवायचं. साहेबांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. मी लिहिलं आणि सही केली: 'पक्षी एकच होता व तो जिवंत आहे. निरीक्षणात मी डावे-उजवे चुकून दोन मोजले. गुन्हा घडलेला नाही.'

डाकरामभाऊ शेजारी उभे होते. त्यांना वाचता येतं, पण चष्मा घरी राहिला होता. मी वाचून दाखवलं.

"वरती माहं नाव राह्यते का मंग?"

"राहते. खोडता येत नाही. पण खाली लिहिलंय, काहीच घडलं नाही म्हणून."

त्यांनी पानाच्या तळाशी बोट ठेवलं. "मंग खाली तुमचं नाव मोठं लिहा," ते म्हणाले. "माह्यापेक्षा मोठं."

मी सही तशीच ठेवली. तिच्याखाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्द्यासकट, शाळेत फळ्यावर लिहितात तेवढ्या अक्षरांत. साहेबांनी ते पाहिलं आणि पुस्तक मिटलं. मी डाकरामभाऊंची माफी मागितली. त्यांनी "राहू द्या जी" म्हटलं, पण माझ्याकडे न बघता. दिवसभर जाळं पाण्यात तसंच होतं, त्यातले मासे एव्हाना खराब झाले असणार, म्हणून त्यांना घाई होती. गार्डनं त्यांना मोटरसायकलवर घरी सोडलं.

माझ्याकडून लेखी खुलासा मागितला गेला. मी दिला. कौतुकाचं पत्र ज्या फाइलमध्ये लागलं होतं त्याच फाइलमध्ये ताकीदही लागली. लॅबचा रिपोर्ट आला तोवर मी रिटायर झाले होते. नळ्या घारीच्या निघाल्या, झडून पडलेल्या. रिटायर होण्याआधी मी त्या रजिस्टरमध्ये एकच बदल केला. 'पाय' या रकान्याच्या पुढे दोन नवे रकाने आखले: 'पक्ष्याचे तोंड कोणीकडे' आणि 'बघणारा कुठे उभा होता'. ऑफिसातल्या एकानं हसून विचारलं, "मॅडम, बघणाऱ्याचा रकाना कशाला?" त्याला म्हटलं, चुका त्याच रकान्यात असतात.

गेल्या हिवाळ्यात, धान कापून झाल्यावर, एका सकाळी डाकरामभाऊंचा फोन आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"मॅडम, बाज आला."

"रिंग आहे का?"

"हाय. त्याच्या डाव्या पायात. डोंगा त्याच्या मांगून नेऊन पाह्यलो."

मला फार बरं वाटलं. मी तसं म्हणालेही.  मागे पाण्याचा आवाज येत होता.

"बोर्डावर अजून दोनच लिहून हाय जी," ते म्हणाले. "दुसरा दिसला तं आधी तुमाले फोन करतो. साहेबायले नाई."